कोण चुकेल हे आधी सांगता येतं का?

पॅनलवाला | सोमवार, सकाळी ७:४२

रात्रपाळी करून आत्ताच आलोय, वाक्यं वाकडीतिकडी झाली तर सांभाळून घ्या.

मी एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये असतो. अकरा वर्षं स्वतः पॅनलवर काढली, आता नव्या पोरापोरींना सिम्युलेटरवर तयार करतो. परवा वरून फर्मान आलं की प्रत्येक ट्रेनीचा एक आकडा काढा. लेखी परीक्षा, सिम्युलेटरचे गुण, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, सगळं एका मॉडेलमध्ये ओता आणि आणीबाणीत हा माणूस चुकण्याची शक्यता किती ते सांगा. आकडा वाईट आला की त्याला पॅनल नाही.

कागदावर बरं दिसतं. पण माझ्याच हाताखालची दोन माणसं आठवतात. एक जण सिम्युलेटरवर कायम पहिला. पहिल्या खऱ्या ट्रिपला (म्हणजे प्लांट आपोआप बंद पडणं, सहल नव्हे) तो पडद्याकडे बघत नुसता बसून राहिला. शेवटी शेजारच्याने कीबोर्ड ओढून घेतला. दुसऱ्याला मी नाइलाजाने काठावर पास केलं होतं. त्याने तसलीच ट्रिप अशी हाताळली की मागे उभा असूनही मला एक शब्द बोलावा लागला नाही. माझा अंदाज दोन्हीकडे सपशेल आपटला, आणि आता तोच अंदाज मॉडेलच्या नावाने मागताहेत.

तर मंडळी, किचकट तांत्रिक काम कोण कसं करील हे आधी सांगता येतं का? येत असेल तर कशावरून? डॉक्टर, वैमानिक, प्रोग्रामर, कुणीही बोला.

शेवटचा_बाक | सोमवार, सकाळी ७:५८

आमच्या बाईंनी माझं भाकीत पहिलीतच केलं होतं. एकही चाचणी न घेता. तंतोतंत खरं ठरलं.

सेमीकोलन | सोमवार, सकाळी ९:१५

सांगता येतं, पण काम बारीक तुकड्यांत मोडता आलं तर.

१९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी दाखवलं की हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला किती वेळ लागेल हे त्या लक्ष्याचं अंतर आणि रुंदी एवढ्यावरून काढता येतं. पुढे कार्ड, मोरान आणि न्यूएल या तिघांनी संगणकावरच्या कामाचा असाच हिशोब मांडला. चांगल्या टायपिस्टला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, हात कीबोर्डवरून माउसकडे न्यायला ०.४ आणि पुढच्या पायरीसाठी मनाची जुळवाजुळव करायला १.३५. बेरीज केली की कामाचा वेळ हातात.

याची मला आवडलेली कसोटी म्हणजे अमेरिकेतल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीतली. ग्रे, जॉन आणि ॲटवुड यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. ऑपरेटरांसाठी नवी वर्कस्टेशनं आली होती. पडदा जलद, कळा कमी, त्यामुळे वेळ वाचणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मॉडेल म्हणालं, उलट तीनेक टक्के जास्त वेळ लागेल. प्रत्यक्ष वापरातही तसंच निघालं! कारण मजेशीर आहे. ज्या कळा वाचवल्या त्या ऑपरेटर तसाही ग्राहकाचं बोलणं संपायची वाट बघत असताना दाबत असे. त्या वाचल्या काय न वाचल्या काय, फरक शून्य. आणि एक कळ मात्र नेमकी अशा जागी येऊन बसली की तिच्यासाठी बाकी सगळं खोळंबायचं.

टोकदार | सोमवार, सकाळी १०:०२

सेमीकोलन, गोष्ट छान आहे, पण धाग्याशी संबंध काय? तो ऑपरेटर दिवसाला शेकडो वेळा तेच काम करतो. पॅनलवाल्यांचा माणूस वर्षातून एकदा, शंभर अलार्म ओरडत असताना. बटण दाबायला ०.२ सेकंद लागतात हे कळून काय उपयोग, कुठलं बटण दाबायचं हेच सुचत नसेल तर?

सेमीकोलन | सोमवार, सकाळी १०:२०

मान्य. तुम्ही म्हणताय ती मर्यादा त्या मॉडेलवाल्यांनी स्वतःच मांडून ठेवली आहे. हा हिशोब काम पाठ असलेल्या आणि न चुकणाऱ्या माणसाचा आहे. इथे प्रश्न नेमका चुकण्याचा, तेव्हा मी एक पाऊल मागे.

रनवे_२७ | सोमवार, दुपारी १:३७

टोकदारांच्या मुद्द्याला जोडून. मी हवाई वाहतूक नियंत्रणात आहे.

१५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत उतरवलेलं विमान सगळ्यांना आठवत असेल. पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेली, तरी १५५ पैकी १५५ माणसं वाचली. नंतर चौकशीत वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवून पाहिलं: नदीत उतरण्याऐवजी मागे वळून धावपट्टी गाठता आली असती का? पक्षी धडकल्या क्षणी वळवलं तर अनेकदा गाठता येत होती. मग एका उड्डाणात ३५ सेकंद थांबून वळायला लावलं. विमान धावपट्टीपर्यंत पोचलंच नाही.

सिम्युलेटरमधल्या वैमानिकाला काय होणार आणि आपण काय करायचं हे दोन्ही आधीच ठाऊक होतं. कॉकपिटमधल्या माणसाला आधी काय झालंय ते कळायला हवं, ते खरं वाटायला हवं, मग निर्णय. तुमचा पहिला नंबरवाला पोरगा कदाचित याच ३५ सेकंदांत अडकला. सिम्युलेटरच्या खुर्चीत बसतानाच माणसाला माहीत असतं की आज काहीतरी बिघडणार आहे. ते माहीत नसताना तो कसा वागतो हे त्या गुणांत कुठून येणार?

आमच्याकडे मला जास्त धास्ती वाटते ती गर्दीची नाही, सुनसान वेळेची. मॅकवर्थचा १९४८ चा घड्याळाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काटा टिकटिक पुढे सरकतो, क्वचित एकदा दुप्पट उडी मारतो, ती उडी पकडायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या सोडायला लागली. आणि ही सगळी धडधाकट, मन लावून बघणारी माणसं.

आकडेमोड | सोमवार, दुपारी ४:१०

पॅनलवाले, मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा रुक्ष लिहिणार आहे. आधी हिशोब.

समजा शंभर ऑपरेटर आहेत आणि त्यांतले पाच खरोखर आणीबाणीत ढेपाळणारे आहेत. (आकडे माझ्या मनचे, फक्त उदाहरणासाठी.) तुमचं मॉडेल भलतंच हुशार आहे असं धरू: ढेपाळणाऱ्याला दहापैकी नऊ वेळा ओळखतं आणि चांगल्याला दहापैकी नऊ वेळा चांगलं म्हणतं. आता ते बोट कुणाकुणाकडे दाखवील? पाचांतल्या साडेचारांकडे आणि उरलेल्या पंचाण्णवांतल्या साडेनऊ जणांकडे. म्हणजे ज्या चौदा जणांचं पॅनल जाणार, त्यांतले दोन तृतीयांश निर्दोष. आणि नव्वद टक्के अचूक मॉडेल या विषयात मी तरी पाहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे सरासरीचा घोळ. सरावाने काम किती वेगात सुधारतं याचा घातनियम न्यूएल आणि रोझेनब्लूम यांनी १९८१ मध्ये मांडला. सुरुवातीला झपाट्याने, मग हळू, मग अगदी रांगत. वक्र इतका सुबक की सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला. २००० साली हीथकोट, ब्राउन आणि म्यूहॉर्ट यांनी एकेका माणसाचा डेटा वेगळा काढून पाहिला, तर बहुतेकांना दुसराच, घातांकी वक्र जास्त चांगला बसला. वेगवेगळ्या वेगाने शिकणाऱ्यांची सरासरी काढली की त्यातून असा आकार उपजू शकतो, जो त्यांतल्या एकाचाही नसतो. तुमचं मॉडेल गटाबद्दल खरं बोलेल आणि समोर बसलेल्या एका माणसाबद्दल खोटं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

शेवटचा_बाक | सोमवार, दुपारी ४:१५

म्हणजे पॅनल मॉडेलचंच काढून घ्यायला हवं.

तिरपागडी | सोमवार, संध्याकाळी ६:५०

आकडेमोडताई, पण मग पर्याय काय? मी भरती विभागात आहे. मॉडेल नको म्हटलं की साहेब लोक म्हणतात, 'मी दहा मिनिटं बोललो की माणूस ओळखतो.' ते त्याहून वाईट नाही का?

आकडेमोड | सोमवार, संध्याकाळी ७:२६

कितीतरी वाईट. पॉल मील यांनी १९५४ मध्येच दाखवलं होतं की साधं सूत्र बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या अंतःप्रेरणेइतकं तरी चांगलं ठरतं, अनेकदा तिच्याहून सरस. मी सूत्राच्या विरोधात नाहीच, सूत्राला देव करण्याच्या विरोधात आहे.

भरतीचं म्हणाल तर श्मिट आणि हंटर यांचा १९९८ चा आढावा वर्षानुवर्षं प्रमाण मानला गेला. बुद्धिचाचणीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.५१, आखीव मुलाखतीचाही ०.५१, मनाला येईल ते विचारलेल्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या दुरुस्त्या तपासल्या, तर आकडे खाली आले. बुद्धिचाचणी ०.३१, आखीव मुलाखत ०.४२. आता ०.४२ चा वर्ग करा. कामगिरीतला फरक शेकडा अठराच्या आसपास कळला. उरलेले ब्याऐंशी कुठे आहेत?

टोकदार | सोमवार, संध्याकाळी ७:४०

नशिबात.

भूलचूक_द्यावी_घ्यावी | सोमवार, रात्री ११:३३

घड्याळात आहेत, टोकदार.

मी भूलतज्ज्ञ आहे (नावावरून ओळखलं असेलच). डॉसन आणि रीड यांनी १९९७ मध्ये लोकांना जागं ठेवून त्यांच्या हातडोळ्याच्या कामाची तुलना दारू दिलेल्यांशी केली होती. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यासारखा वागतो, २४ तासांनी साधारण ०.१० टक्क्यांसारखा. माझा आकडा काढायचा तर सकाळी दहाचा काढणार की पहाटे चारचा? त्या दोन वेगळ्या बायका आहेत हो. पहिलीकडून मी स्वतः भूल घेईन. दुसरीला आधी झोपायला पाठवीन.

एक कबुली देते. कुठल्या रुग्णालयात ते सांगत नाही. पहाटेच्या शस्त्रक्रियेत मी एका औषधाऐवजी दुसरं सिरिंजमध्ये भरलं. दोन्ही अँप्युल सारख्याच आकाराच्या, लेबलांचा रंग जवळजवळ एक, आणि शेजारी शेजारी खणांत. टोचण्याआधी सवयीने मोठ्याने नाव वाचलं म्हणून थांबले. नंतर मला लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, 'निष्काळजीपणा झाला, पुन्हा होणार नाही.' महिन्याभरात माझ्याहून अनुभवी सहकाऱ्याने अगदी तीच चूक केली. मग कुठे ते खण लांब केले.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:०५

डॉक्टरीणबाईंनी धाग्याची खरी गाठ सोडवली. मी अनेक वर्षं यंत्रशाळेत शिकवलं, म्हणून थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

आपल्याकडे 'नाचता येईना अंगण वाकडं' असं हिणवून म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अंगण खरंच वाकडं निघाल्याची गोष्ट आहे. बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटायचे सोडून चाकंच मिटत होते, आणि विमान पोटावर बसत होतं. वैमानिकाची चूक, अशी नोंद व्हायची. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स शपॅनिस यांनी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तर दोन्हींची बटणं एकासारखी एक आणि लगतच! त्यांनी चाकाच्या खटक्याला रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळायला लागला. १९४७ मध्ये फिट्स (हो, सेमीकोलन यांचेच फिट्स) आणि जोन्स यांनी अशा शेकडो 'वैमानिकांच्या चुका' गोळा करून हेच मांडलं.

तीच कथा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राची, २८ मार्च १९७९. एक झडप उघडी अडकली होती. पॅनलवरचा दिवा मात्र झडप बंद झाली का ते दाखवतच नव्हता, बंद व्हायचा हुकूम गेला का एवढंच दाखवत होता. दिवा विझला, ऑपरेटर समजले झडप मिटली, आणि तासन्‌तास पाणी बाहेर जात राहिलं. त्या ऑपरेटरांची आदल्या दिवशी कसलीही चाचणी घेतली असती, तरी तो दिवा त्यांच्याशी खोटंच बोलला असता.

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ८:२०

मास्तर, दंडवत. आमच्या वेळी असे मास्तर असते तर मी मधल्या बाकापर्यंत तरी आलो असतो.

टोकदार | मंगळवार, सकाळी ९:४४

थांबा, थांबा. सगळं खापर अंगणावर फोडायचं का? नाचणाऱ्यांत फरक नसतोच? त्याच विमानात काही वैमानिक चुकले नाहीत, त्याचं काय? प्रोग्रामरांत तर २८ पट फरक सापडल्याचा १९६८ चा अभ्यास आहे. सेमीकोलन, बोला.

सेमीकोलन | मंगळवार, सकाळी १०:३०

सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट यांचा. त्या २८ वर नंतर बरेच आक्षेप आले, कारण वेगवेगळ्या परिस्थितीत काम केलेली माणसं एकाच तराजूत घातली होती. ते वजा केलं तरी फरक मोठाच उरतो, हे खरं. माणसं सारखी नसतात यावर माझं दुमत नाही.

पण स्वतःबद्दलचं भाकीतसुद्धा आपल्याला जमत नाही, त्याचं काय करायचं? १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. लागले ५५.५. सगळं बिघडलं तर किती, असंही विचारलं होतं. उत्तर ४८.६. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा आठवड्याने हुकला.

तिरपागडी | मंगळवार, सकाळी १०:३४

'दोन दिवसांत देतो' म्हणणाऱ्या सेमीकोलनच्या जातभाईंना ही पोस्ट छापून पाठवते आहे.

सेमीकोलन | मंगळवार, सकाळी १०:४१

पाठवा. दोन दिवसांत वाचतील.

पॅनलवाला | बुधवार, रात्री ९:१८

सगळ्यांचे आभार. मास्तरांची पोस्ट वाचून मी दोन दिवस जुन्या सिम्युलेटरच्या नोंदी काढून बसलो. आत्तापर्यंत माणसागणिक गुण लावायचो. या वेळी कागद आडवा धरला आणि प्रसंगागणिक लावले. चक्रावलोच. बरीचशी मंडळी एकाच पडद्यावर अडखळतात. त्या पडद्यावर दोन पंपांचे आलेख एका रंगात आहेत. पहिला नंबरवाला खऱ्या ट्रिपला त्याच पडद्यासमोर बसून राहिला होता.

मग 'हार्ट' नावाची पद्धत वाचली, विल्यम्स यांची, १९८६ ची. कामाच्या प्रकारावरून चुकीची मूळ शक्यता धरायची आणि परिस्थितीप्रमाणे तिला गुणत जायचं. परिस्थिती महत्त्वाची पण कधी न पाहिलेली असेल तर १७ पटीपर्यंत. चूक लक्षात येऊन निस्तरायला वेळ नसेल तर ११ पटीपर्यंत. आणि ऑपरेटर नवखा असेल तर? फक्त ३. मी इतकी वर्षं त्या तीनवरच रागावत होतो.

भूलचूक_द्यावी_घ्यावी | बुधवार, रात्री १०:०२

पॅनलवाले, त्याच तक्त्यात झोपेचं चक्र बिघडल्याचा गुणक काय आहे ते पण सांगा ना.

पॅनलवाला | बुधवार, रात्री १०:०९

१.१. तुम्ही रागावणार हे माहीत होतं म्हणून लिहिलं नव्हतं.

भूलचूक_द्यावी_घ्यावी | बुधवार, रात्री १०:१३

ज्याने तो लिहिला तो तेव्हा भरपूर झोपलेला असणार.

आकडेमोड | बुधवार, रात्री १०:४०

हे गुणक म्हणजे निसर्गनियम नव्हेत, वाचून आणि अंदाजून बसवलेले आकडे आहेत, हे विसरू नका. कामं एकमेकांशी ताडून बघायला उत्तम, पण बेरीज-गुणाकार करून ०.००३७ आलं म्हणून चौथ्या दशांशावर भांडू नका. तरी माणसाऐवजी प्रसंगाचा आकडा काढणं मला पटलं. निदान तो पडदा बदलता येतो. वरच्यांना काय सांगणार आहात?

रनवे_२७ | गुरुवार, सकाळी ६:३०

सांगताना एक करा. पुढच्या सिम्युलेटर सत्रांत कधीकधी काहीच बिघडवू नका. चार तास सुरळीत जाऊ द्या. मग बघा कोण काय करतं ते.

पॅनलवाला | शनिवार, दुपारी ३:५५

रनवे, ते कालच सुरू केलं. दोघं जण तासाभरात विचारायला लागले, 'सर, सिम्युलेटर बंद पडलाय का?'

वरच्यांना सांगितलं. पडदा बदलायला मंजुरी मिळाली. माणसांचा आकडा 'तूर्त' स्थगित. त्या तूर्तवर माझा भरवसा नाही, पण असो.

आज त्या काठावर पास झालेल्याला गाठून विचारलं, बाबा रे, त्या दिवशी तुला सुचलं कसं? म्हणाला, 'सर, तीच ट्रिप मी सिम्युलेटरवर चार वेळा घालवली होती. कुठे कुठे चुकायचं ते सगळं करून झालं होतं.'

आकडेमोड | शनिवार, दुपारी ४:२०

आणि ते चारही प्रयत्न तुम्ही सरासरीत धरले होते?

पॅनलवाला | शनिवार, दुपारी ४:२२

धरले होते. म्हणूनच तर काठावर.

शेवटचा_बाक | शनिवार, दुपारी ४:३१

चार वेळा नापास? पॅनलवाले, त्याला म्हणावं, बाकावर जागा धरून ठेवलीय.